गणपतीत ठरवू

मुरुडच्या आमच्या आगराच्या सातबारावर अकरा नावं आहेत. आजोबा २०१४ साली गेले. वारसनोंद झाली, नावं चढली, वाटप मात्र झालं नाही. तेराव्याच्या दुपारी पडवीत बसून सगळ्यांनी एकमतानं ठरवलं की सध्या बाबांनी बघावं. बाबा गावातच असतात. बाकीचे मुंबई, पुणे, चिपळूण आणि एक आत्या बडोद्याला. "तात्पुरतं तू बघ, गणपतीत सगळे जमलो की निवांत बसून ठरवू," असं मोठे काका म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तेव्हा अकरावीत होतो. मलाही ते फार समजूतदारपणाचं वाटलं होतं.

त्यानंतरचे गणपती असे गेले. पहिल्या वर्षी वर्षश्राद्ध व्हायचं होतं म्हणून विषय नको. दुसऱ्या वर्षी बडोद्याच्या आत्याचं ऑपरेशन. एका वर्षी खरोखरच सगळे आले, पण आरत्या, मोदक, रात्री पत्ते, एवढ्या चांगल्या वातावरणात सातबारा कोण काढणार? नंतर एक चुलतभाऊ दुबईला गेला, त्याच्याशिवाय कसं ठरवायचं? हे लोक भांडकुदळ नव्हते, हे आधी सांगितलं पाहिजे. कोणाच्या मनात पाप नव्हतं. आणि बाबा तर इतके सरळ की आगरातल्या नारळ-सुपारीचा हिशोब वहीत लिहून दर वर्षी प्रत्येकाला त्याचा वाटा पाठवायचे, अगदी चारशे रुपये असले तरी.

मग ३ जून २०२० आला.

निसर्ग वादळाबद्दल दापोली तालुक्यातल्या कोणालाही विचारा, तो घरावरून सुरुवात करणार नाही, आवाजावरून करेल. मी लॉकडाऊनमुळे मार्चपासून घरीच होतो, नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. दुपारी माजघरात दार लावून आम्ही बसलो होतो आणि बाहेर पोफळी मोडत होत्या. पोफळ वाकते, वाकते आणि मग मधेच तुटते. त्याचा एक कोरडा आवाज येतो. मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा ओटीवरून थेट समुद्र दिसला. माझ्या आयुष्यात तो ओटीवरून कधी दिसला नव्हता, मधे आगर होतं.

वीज कित्येक आठवडे नव्हती, रेंज त्याहून लहरी. पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं. आता निर्णय घ्यायचे होते. पडलेले माड विकायचे का, कोणाला, कितीला? पैसे घर शाकारायला वापरायचे का अकरा जणांत वाटायचे? नुकसानभरपाईच्या कागदांसाठी संमतीपत्रं हवी होती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवी झाडं लावायची का? माड धरायला सहा-सात वर्षं लागतात. पोफळीला कोवळी असताना सावली लागते, म्हणजे आधी केळी लावा, पाण्याची सोय करा. यातलं काहीही आज केलं तर सहा वर्षांनी दिसणार. आज नाही केलं तर सात.

बाबा प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर द्यायचे. "मी कोण ठरवणार? माझं एकट्याचं आहे का? सगळे येऊ देत."

त्या वर्षी गणपतीला क्वारंटाइन होतं. कोणी आलं नाही.

२०२१ च्या डिसेंबरात धाकट्या काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, मुंबईहून आला. दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी चिऱ्याचा ट्रक आला. आगराचा समुद्राकडचा तुकडा त्यानं गडगा घालून वेगळा केला आणि पर्यटकांसाठी चार खोल्यांची जोती बांधायला घेतली. आमच्याकडे आणि शेजारच्या कर्द्याला डॉल्फिन बघायला येणाऱ्यांची गर्दी असते, खोल्या चालणार हे कोणालाही कळत होतं. बाबा गडग्यापाशी जाऊन उभे राहिले. ते ओरडले नाहीत. "अरे, सगळ्यांना विचारून..." एवढंच म्हणाले. तो म्हणाला, "काका, सात वर्षं विचारतोय."

त्या दिवशी मी त्याच्याशी बोलणं बंद केलं.

*

आता १९१७ कडे. उडी मोठी आहे, पण माझ्या बाबतीत ती अशीच पडली. पुढच्या उन्हाळ्यात मी सुट्टी काढून आगर साफ करत होतो. ओंडके, कुजलेल्या झावळ्या, कानात इयरफोन, त्यात एक इतिहासाचा पॉडकास्ट. माझा इतिहासाशी संबंध दहावीनंतर संपला होता. दहावीपर्यंतचं ज्ञान असं: झार गेला, लेनिन आला. या दोघांच्या मधे आठ महिन्यांचं एक तिसरंच सरकार होऊन गेलं, त्याचं नावच 'हंगामी सरकार' होतं, हे मला एकतर शिकवलं नव्हतं किंवा मी पाठ करून विसरलो होतो. पहिल्या भागातच निवेदक सांगायला लागला की या सरकारनं सगळे मोठे प्रश्न सगळे जमतील त्या सभेवर ढकलले. मी कोयता खाली ठेवला आणि भाग पुन्हा पहिल्यापासून लावला.

गोष्ट थोडक्यात अशी. (तारखा आजच्या कॅलेंडरप्रमाणे देतोय. रशियाचं तेव्हाचं कॅलेंडर तेरा दिवस मागे होतं, म्हणून तिथली 'फेब्रुवारी क्रांती' मार्चमध्ये आणि 'ऑक्टोबर क्रांती' नोव्हेंबरात येते.) ८ मार्च १९१७, महिला दिन. पहिलं महायुद्ध तिसऱ्या वर्षात. पेत्रोग्राडमध्ये पावासाठी रांगा लावून थकलेल्या बायका आणि कापडगिरण्यांतल्या कामगार स्त्रिया रस्त्यावर आल्या. चार-पाच दिवसांत शहरातलं सैन्यच त्यांना मिळालं. १५ मार्चला झार निकोलसनं गादी सोडली ती भावासाठी, मिखाइलसाठी. दुसऱ्या दिवशी मिखाइलनं लिहून दिलं की देशभरातून निवडून आलेली संविधान सभा मला गादी देईल तरच मी ती घेईन. म्हणजे तीनशे वर्षांची राजेशाहीसुद्धा 'सगळे जमले की ठरवू' या खात्यात गेली.

त्याच १५ मार्चला हंगामी सरकार बसलं. पंतप्रधान प्रिन्स ल्वोव, सज्जन जमीनदार, स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये आयुष्य घालवलेला. परराष्ट्रमंत्री मिल्युकोव, इतिहासाचा प्राध्यापक. कायदामंत्री केरेन्स्की, वकील, वय पस्तीस. ही नालायक माणसं नव्हती. त्यांनी राजकीय कैदी सोडले, वृत्तपत्रांवरची बंधनं उठवली, फाशी रद्द केली, धर्म आणि वंशावरून असलेले भेदभाव मोडीत काढले. काही महिन्यांत स्त्रियांना मताधिकार दिला, जो तेव्हा ब्रिटनमध्येही नव्हता. युद्धात असलेल्या कुठल्या देशात इतकं स्वातंत्र्य तेव्हा नव्हतं.

आणि मग शेतकरी म्हणाले, जमीन? सरकार म्हणालं, जमिनीचा प्रश्न संविधान सभा ठरवेल. आम्ही हंगामी आहोत, एवढा मोठा निर्णय घ्यायचा आम्हाला अधिकार नाही. फिनलंड, युक्रेन म्हणाले, आमचं काय? संविधान सभा. बरं, ती सभा कधी? निवडणुकीचा कायदा करायला एक खास समिती नेमली, तिचं काम सुरू व्हायलाच जवळपास तीन महिने गेले. समितीतले कायदेपंडित जगातली सगळ्यात निर्दोष निवडणूक पद्धत शोधत बसले. मतदान आधी सप्टेंबरअखेर ठरलं, मग २५ नोव्हेंबरवर गेलं. यात नुसता काटेकोरपणा नव्हता. मिल्युकोवच्या उदारमतवादी पक्षाला दिसत होतं की आज मतदान झालं तर शेतकऱ्यांची मतं त्यांना मिळणार नाहीत, त्यामुळे त्यांना घाईही नव्हती.

मी ऐकत होतो आणि मला सारखी आमची पडवी दिसत होती.

*

सरकार दुबळं होतं, यात वाद नाही. ते ज्या तावरीदा राजवाड्यात जन्मलं त्याच राजवाड्याच्या दुसऱ्या भागात कामगार आणि सैनिकांची 'सोविएत' भरत होती. सोविएतनं सरकार बसायच्या आदल्याच दिवशी पहिला हुकूम काढला: प्रत्येक तुकडीत सैनिकांनी समित्या निवडाव्यात, हत्यारं समित्यांच्या ताब्यात राहावीत, वरून आलेला लष्करी हुकूम सोविएतच्या निर्णयाविरुद्ध नसेल तरच पाळावा. माझ्या भाषेत सांगायचं तर अ‍ॅडमिन म्हणून नाव एकाचं, पासवर्ड दुसऱ्याकडे. युद्धमंत्री गुचकोवनं पहिल्याच महिन्यात सेनापतीला कळवलं होतं की सैन्य, रेल्वे, तार सगळं सोविएतच्या हातात आहे आणि ती चालू देईल तोवरच आपण आहोत. केरेन्स्की तेवढा दोन्हीकडे, इकडे मंत्री, तिकडे सोविएतचा उपाध्यक्ष. अशी जबाबदारी ऑफिसात माझ्याकडे सहा महिने होती. दोन्ही टीम्सना वाटायचं मी त्यांचा आहे, आणि शेवटी दोन्हींना वाटलं की नाही.

पण दुबळेपणानं सगळं समजत नाही. दुबळी सरकारं वर्षानुवर्षं चालतात. मला अडकवून ठेवलं ते दुसऱ्याच एका गोष्टीनं. हे सरकार सगळ्याच बाबतीत हंगामी नव्हतं.

युद्धाच्या बाबतीत ते एकदम कायमचं होतं. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी मिल्युकोवनं मित्रराष्ट्रांना कळवलं की रशिया विजयापर्यंत लढेल. पेत्रोग्राडमध्ये लोक रस्त्यावर उतरले, मिल्युकोव आणि गुचकोव दोघांना जावं लागलं, सोविएतमधले समाजवादी नेते सरकारात आले. तरी युद्ध चालूच. आणि १ जुलैला, आता युद्धमंत्री झालेल्या केरेन्स्कीनं, आघाडीवर फिरून भाषणं करून, नवी मोठी चढाई सुरू केली. ती काही दिवसांत कोसळली, सैनिक हजारोंनी माघारी पळाले. त्याच महिन्यात आघाडीवर फाशी परत आली, जी याच सरकारनं रद्द केली होती.

म्हणजे जमीन द्यायचा अधिकार आम्हाला नाही, पण मरायला पाठवायचा आहे. हे असं कोणी म्हटलं नसेल. पण खंदकातल्या शेतकऱ्याला ते असंच ऐकू आलं असणार. रशियानं या युद्धात सुमारे दीड कोटी माणसं सैन्यात भरली होती, बहुतेक शेतकरी. तो गुडघाभर चिखलात उभा आहे, गावाकडून पत्र येतं की शेजारच्या गावात जमीनदाराची जमीन लोकांनी वाटून घेतली, आणि सरकार त्याला सांगतंय की थांब, सगळं रीतसर होईल. शरद ऋतू येईपर्यंत तो थांबेनासा झाला. बंदूक घेऊन घरी चालत निघाला.

सरकारच्या बाजूनं बोलायचं तर युद्धातून एकट्यानं बाहेर पडणं सोपं नव्हतं. मित्रराष्ट्रांची कर्जं होती, दिलेला शब्द होता, आणि वेगळा तह केला तर जर्मनी उरलेला युरोप गिळेल ही भीती होती. ती भीती खोटी नव्हती. पुढे लेनिननं तह केला तेव्हा जर्मनीनं केवढा मुलूख तोडून घेतला ते पाहिलं तर कळतं. ल्वोव आणि केरेन्स्की यांना मूर्ख म्हणणं मला जमत नाही. त्यांना वाटलं की थांबण्याची किंमत सगळ्यांना सारखीच पडते. माझ्या मते चूक तिथे होती.

याच वेळी आपल्याकडेही एक 'नंतर' चालू होतं. २० ऑगस्ट १९१७ ला भारतमंत्री माँटेग्यूनं जाहीर केलं की हिंदुस्थानला जबाबदार राज्यपद्धती टप्प्याटप्प्यानं मिळेल. टप्पे किती आणि कधी, ते सरकार ठरवणार. तोवर पैसा आणि शिपाई मात्र आत्ता. पुढच्या वर्षी मुंबईच्या युद्धपरिषदेत टिळक स्वराज्याची अट बोलायला लागले तर गव्हर्नर विलिंग्डननं त्यांना मधेच थांबवलं. आमच्याच रत्नागिरीत जन्मलेला हा माणूस रशियाकडे लक्ष ठेवून होता, आणि जानेवारी १९१८ मध्ये 'केसरी'त लेनिनवर लेख आला. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. 'थोडं थांबा' हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं.

पुढचं लवकर सांगतो. जुलैमध्ये पेत्रोग्राडमध्ये उठाव होता होता राहिला, ल्वोव गेला, केरेन्स्की पंतप्रधान झाला. सप्टेंबरात सेनापती कोर्निलोवनं राजधानीकडे सैन्य पाठवलं. रेल्वे कामगारांनी गाड्याच पुढे जाऊ दिल्या नाहीत, आणि शहर वाचवायला बोल्शेविकांच्या हातात बंदुका आल्या. त्या परत कोणी दिल्या नाहीत. केरेन्स्कीकडे ना डावे राहिले ना उजवे. एक गमतीची गोष्ट, केरेन्स्की आणि लेनिन एकाच गावचे, सिंबिर्स्कचे. केरेन्स्कीचे वडील लेनिनच्या शाळेचे हेडमास्तर, आणि लेनिनच्या मोठ्या भावाला फाशी झाल्यावर याच मास्तरांनी पोराला चांगलं शिफारसपत्र दिलं होतं. कोकणात हे कोणालाच विचित्र वाटणार नाही.

७ नोव्हेंबरला सकाळी केरेन्स्की मदत आणायला गाडीतून शहराबाहेर पडला. मंत्री हिवाळी राजवाड्यात बसून राहिले. राखणीला काही कॅडेट आणि स्त्रियांच्या पलटणीची एक तुकडी. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी त्यांना एका छोट्या जेवणघरात पकडलं. तिथलं घड्याळ त्या वेळेवर थांबवून ठेवलं होतं, २०१७ पर्यंत.

दुसऱ्या रात्री लेनिननं दोन जाहीरनामे वाचून मंजूर करून घेतले. एक शांततेचा, दुसरा जमिनीचा. जमिनीचा बराचसा मजकूर बोल्शेविकांचा नव्हताच. तो शेतकऱ्यांच्या मागण्यांमधून जमवलेला, दुसऱ्या पक्षानं छापलेला होता. म्हणजे कागद तयार होता. दोन महिने नुसता पडून होता.

आणि मतदान? ते ठरल्याप्रमाणे २५ नोव्हेंबरला सुरू झालं. सत्तापालटानंतर अठरा दिवसांनी.

*

या अठरा दिवसांनी मी हललो, हे कबूल करतो. रिलीज शुक्रवारी आणि सर्व्हर गुरुवारी पडला, तसं. पण नंतर वाटलं, अठरा दिवस आधी मतदान झालं असतं तर सगळं ठीक झालं असतं, असंही नाही. शेतकऱ्यांच्या दृष्टीनं ती तारीख कधीच निघून गेली होती.

माझ्या आईचं माहेर वाळवा तालुक्यातलं. तिला हे सगळं सांगत होतो तर ती म्हणाली, "आमच्याकडे उलटं होतं." तिच्या आजोळच्या म्हाताऱ्यांकडून तिनं प्रतिसरकारच्या गोष्टी ऐकल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात समांतर सरकार चालवलं. त्याला कसलाही कायदेशीर आधार नव्हता. सगळे भूमिगत, नानांवर वॉरंट. पण गावोगावी त्यांची न्यायदान मंडळं बसायची, बांधाची भांडणं, सावकारानं दाबलेल्या जमिनी, कर्जं यांचा निकाल तिथेच लागायचा. ब्रिटिशांच्या कोर्टात शिक्के होते, कागद होते, तारखा होत्या. माणसं मात्र इकडे यायला लागली. शिक्षाही कडक, खबऱ्यांच्या पायाला पत्रे ठोकायचे म्हणून लोक त्याला पत्री सरकार म्हणायला लागले असं सांगतात. त्यात अन्याय झाला नसेल असं मी म्हणणार नाही. पण तीनेक वर्षं, ब्रिटिश राज्य डोक्यावर असताना, ते टिकलं.

हंगामी सरकारकडे हक्क होता आणि निकाल नव्हता. साताऱ्यात निकाल होता आणि हक्क नव्हता. मी हे वाक्य बाबांसमोर म्हटलं. जेवत होतो. म्हणायला नको होतं.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि माझ्याकडे काय होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं उत्तर हे होतं की बाबांनीही निर्णय घेतले होतेच. खोल्या बांधायच्या नाहीत, हा निर्णय होता. तुकडे पाडायचे नाहीत, हाही. दर वर्षी काहीच न करण्याचा निर्णय ते घेत होते, फक्त त्याला निर्णय म्हणत नव्हते. आणि त्याची किंमत कोण भरत होतं? मोठे काका पेन्शनर. आत्या सुखात. मी पुण्याच्या कंपनीचा पगार घेऊन घरून काम करत होतो, महिन्याच्या एक तारखेला मेसेज येत होता. आमच्यासाठी थांबणं फुकट होतं. चुलतभावाची नोकरी २०२० च्या एप्रिलमध्ये गेली होती. त्याचा नालासोपाऱ्याचा हप्ता चालू होता. हे मला ठाऊक होतं. ग्रुपवर त्यानं दोनदा विचारलं होतं, 'वाडीचं काय करायचं?' मी मागे जाऊन ते मेसेज शोधले. दोन्हींवर माझा अंगठा आहे. नुसता अंगठा.

मी त्याला भेटायला गेलो. तोवर खोल्यांवर पत्रे चढले होते. चहा दिला त्यानं. मी सॉरी म्हणालो, तो "ठीके रे" म्हणाला, आणि मग मी विचारलं, की उरलेल्या आगराचं बसून ठरवूया का, सगळ्यांना बोलावून? तो हसला. "मला आता कशाला बोलावता? माझं झालं."

रशियातली ती संविधान सभा १८ जानेवारी १९१८ ला भरली. बोल्शेविकांना मतदानात जेमतेम पावभर मतं मिळाली होती, बहुमत दुसऱ्यांचं होतं. एक दिवस बैठक चालली, रात्रभर, पहाटे पहाऱ्यावरच्या माणसानं सांगितलं की पहारेकरी दमलेत, आता उठा. दुसऱ्या दिवशी दारं बंद. ज्यांनी लोकांचं थांबणं संपवलं त्यांनीच सभाही संपवली, आणि पुढची सत्तर वर्षं तशी सभा भरली नाही. चुलतभावाला मी लेनिन म्हणत नाहीये, त्याच्या चार खोल्या आहेत फक्त. पण "माझं झालं" हे ऐकताना मला भीती वाटली ती याची. त्याचा तुकडा गेला म्हणून नाही. आता दुसरा कोणीतरी ट्रक बोलावेल, आणि त्याला थांबवायला आमच्याकडे शब्द नसेल, म्हणून.

*

गेल्या वर्षी बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मोठ्या काकांचा फोन आला. "तात्पुरतं तू बघ," म्हणाले.

मी हो म्हणालो, आणि त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं की अनंत चतुर्दशीच्या आधीच्या रविवारी सकाळी दहा वाजता पडवीत बसायचं, येणार नाहीत त्यांनी व्हिडिओ कॉलवर यायचं, तारीख बदलणार नाही. मोजणीसाठी अर्ज करतोय. आणि मधल्या काळात पन्नास माड लावतोय, माझ्या खर्चानं. वाटपात जो तुकडा ज्याला जाईल त्यातले माड त्याचे. मला हिशोब नको.

बरेच निळे टिक आले. आत्यानं नमस्काराचे हात पाठवले. मोठ्या काकांनी तासाभरानं लिहिलं, 'सगळ्यांना विचारून केलं असतंस तर बरं झालं असतं.' दुबईहून प्रश्न आला की पन्नासच का. चुलतभावाचा मेसेज ग्रुपवर नव्हता, मला वेगळा आला. 'गडग्याच्या अलीकडे पाच लावलेस तर पाणी माझ्या टाकीतून घे.'

जूनमध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठातून रोपं आणली. बाबा काठी घेऊन गडग्याशी खुर्ची टाकून बसले होते. पहिला खड्डा मी घेतला, तर म्हणाले, जवळ होतोय, पंचवीस फूट तरी सोड. मी परत मोजलं. मग म्हणाले, "त्या राजवाड्यातले मंत्री त्या शेवटच्या रात्री काय करत होते रे?"

"आवाहनं लिहीत होते म्हणे. जनतेला, सैन्याला. आणि वाट बघत होते."

"कोणाची?"

"केरेन्स्की मदत घेऊन येईल, त्याची."

बाबांनी काठीनं जमिनीवर एक फुली काढली. "इथे घे," म्हणाले, आणि काठी टेकत पुढच्या खड्ड्याची जागा बघायला उठले.